वाघीण ताडोब्याची, जंगल चांदोलीचं

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिवारात आज जो ऊस उभा आहे, तो कुठल्याही एका प्रजातीचा नाही. को ८६०३२ घ्या, फुले २६५ घ्या, सगळे संकर. त्यांच्या एका बाजूच्या पूर्वजांत न्यू गिनी बेटावर माणसानं हजारो वर्षांपूर्वी जोपासलेला जाड, रसाळ, पण रोगाला लगेच बळी पडणारा ऊस आहे. दुसऱ्या बाजूला आहे काश गवत. नदीकाठी, बांधावर, रेताडात कुठंही उगवणारं, पावसाळा सरला की पांढरे तुरे हलवणारं. त्यात साखर नावालाच, पण चिवटपणा असा की उपटून टाकलं तरी पुन्हा फुटतं. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथं सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी उसाचा या रानगवताशी संकर केला आणि १९१८ साली को २०५ हा वाण शेतात आला. त्या काळातल्या कित्येकांना तो उद्योग वेडगळ वाटला असणार. साखर वाढवायची तर गोड उसाची गोड उसाशी जोडी लावावी, गवत कशाला आणायचं?

गवत आणलं म्हणून ऊस टिकला. पुढे त्या संकराचा पुन्हा पुन्हा जाड उसाशी संकर करत साखर परत मिळवली आणि गवताकडून आलेला काटकपणा तेवढा राखला. आजच्या उसाच्या एकेका पेशीत शंभर ते एकशेतीस गुणसूत्रं असतात आणि त्यांतली दहा-पंधरा टक्के अजूनही काशाची. उत्तर हिंदुस्थानातला जुना बारीक ऊस, ज्याला आपण ‘अस्सल देशी’ म्हणतो, तोही या दोघांचाच फार जुना संकर निघाला. तो कुणी प्रयोगशाळेत केला नव्हता.

उसाच्या तुऱ्याची गंमत इथं सांगायला हवी. आपल्या शेतकऱ्याला तुरा डोळ्यांसमोर नको असतो. तुरा आला की वाढ थांबली, वरची कांडी पोकळ पडू लागली, टनेज घटलं. तोड लांबली की फडाकडे बघून माणूस हळहळतो. पैदास करणाऱ्याला मात्र तुराच हवा, कारण कांडी लावून ऊस वाढतो पण नवा ऊस जन्मत नाही. कांडीतून येते ती मूळ उसाची नक्कल. नवं काही हवं तर एकाचे परागकण दुसऱ्याच्या तुऱ्यावर पडायला हवेत. आजऱ्यावरून खाली जाताना लागणाऱ्या आंबोलीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं पैदास केंद्र आहे, ते याच कामासाठी. ज्या तुऱ्याला फडात नुकसान म्हणतात, त्याच तुऱ्यासाठी घाटमाथ्यावर माणसं थांबून असतात.

हे सगळं आठवायचं कारण ऊस नाही, वाघ आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य एकत्र करून. गेल्या काही वर्षांत तिथं मोजके नर वाघ दिसले, पण ठाण मांडून राहिलेली मादी नव्हती. नर कितीही हिंडले तरी मादीवाचून जंगलात वाघांची वस्ती होत नाही. म्हणून बाहेरून वाघिणी आणायचं ठरलं. तेव्हापासून कोल्हापुरात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, विदर्भातलं रक्त इथं मिसळलं की सह्याद्रीचा अस्सल वाघ संपला. दुसरा म्हणतो, निसर्गात सगळंच मिसळत आलंय, एवढं काय डोक्यावर घ्यायचं? उद्या कुत्रा लांडग्यात मिसळला तर तोही निसर्गच.

मला दोन्ही सूर चुकीचे वाटतात, आणि एकाच कारणानं. दोघंही मिसळणं ही एकच गोष्ट आहे असं धरून चालतात. पहिल्याला ती विटाळ वाटते, दुसऱ्याला ती निरुपद्रवी वाटते. खरं तर कोण कुणात किती मिसळतंय, मिसळल्यावर निवड व्हायला जागा आणि वेळ उरलाय का, आणि त्या दोघांमधली भिंत कुणी पाडली, यावर सगळं अवलंबून आहे. नव्या प्रजाती कशा घडतात याबद्दल गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे कळलं आहे, त्याचा सारा रोख इकडेच आहे. वनखात्याचे निर्णय, नदीत सोडायची मत्स्यबीजं, रस्त्यांची आखणी या सगळ्यांना ते लागू पडतं, पण तिथवर ते पोचलेलं दिसत नाही.

जुनी समज आधी बघू. १९४२ साली जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी प्रजातीची जी व्याख्या रूढ केली, ती आपण सगळे शाळा-कॉलेजात शिकलो: जे आपसात प्रजनन करतात आणि इतरांशी करत नाहीत, त्यांची एक प्रजाती. या हिशोबात जनुकांची ये-जा हा नव्या प्रजातीचा शत्रू. दोन विहिरी खालून झऱ्यानं जोडलेल्या असतील तर त्यांची पाण्याची पातळी वेगळी राहणार नाही. तसंच दोन समूहांत जनुकं येत-जात राहिली तर फरक साठत नाही. झरा बुजला, म्हणजे मध्ये डोंगर, नदी, समुद्र आला, की दोन्हीकडचे जीव आपापल्या वाटेनं बदलत जातात आणि कालांतरानं परके होतात.

याचा दाखला आपल्या दारात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्याचे सडे आणि त्यांच्यामधल्या दऱ्यांतलं दाट जंगल हे छोट्या जिवांसाठी बेटंच असतात. बोटभर लांबीची पाल एका डोंगरावरच्या खडकांच्या फटीत जगते. मधली उघडी, तापलेली जमीन ओलांडून पलीकडच्या डोंगरावर ती जात नाही. अशाच एका पालीला २००९ साली शास्त्रज्ञांनी ‘निमॅस्पिस कोल्हापूरेन्सिस’ असं नाव दिलं. अंबाबाई, कुस्ती आणि गुळाशिवाय एका पालीनंही कोल्हापूरचं नाव जगभर नेलंय, हे इथं फार थोड्यांना ठाऊक असेल. अशा पालींच्या बाबतीत मायर यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. ये-जा नाही, म्हणून त्या वेगळ्या.

पण पाल आणि वाघ यांना एकाच मापानं मोजता येत नाही. वाघ शेकडो किलोमीटर हिंडतो. त्याच्यासाठी तुटलेपण ही नवी प्रजाती घडण्याची सुरुवात नसते, तो ऱ्हास असतो. ओडिशातल्या सिमिलिपालचे काळसर वाघ पर्यटकांना भुरळ घालतात. तो काळा रंग एका जनुकातल्या बदलामुळं येतो आणि इतर वाघांत तो अतिशय दुर्मीळ आहे. सिमिलिपालात तो इतका वाढला, याचं कारण तिथले मूठभर वाघ बाहेरच्यांपासून तुटले आणि आपसातच वाढत राहिले. फोटो सुंदर येतो, पण तो नात्यातल्या नात्यात कोंडलेल्या कुळाचा फोटो आहे.

आता दुसरी बाजू, जी कॉलेजच्या पुस्तकांत अजून नीट उतरलेली नाही. गालापागोस बेटांपैकी डॅफनी मेजर हे लहानसं, ओसाड बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यानं १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला; एकेक पक्षी पकडायचा, मोजायचा, पायात कडी घालायची. १९८१ साली तिथं एक परका नर आला. अंगानं मोठा, चोच मोठी, गाणं वेगळं. पुढे २०१७ साली जाहीर झालेल्या जनुकीय तपासणीतून कळलं की तो शंभराहून जास्त किलोमीटर दूरच्या एस्पान्योला बेटावरून आलेला, दुसऱ्याच प्रजातीचा पक्षी होता. परत जाणं काही त्याला जमलं नाही. त्यानं स्थानिक प्रजातीच्या मादीशी जोडी जमवली. पिल्लं झाली, आणि ती बापाचं गाणं शिकली, कारण या पक्ष्यांत गाणं बापाकडून येतं. माद्या नराला गाण्यावरून आणि चोचीवरून ओळखतात. या पिल्लांचं गाणंही परकं आणि चोचही वेगळ्या मापाची. स्थानिक माद्यांनी त्यांना जवळ केलं नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपासून ती मंडळी आपसातच जोड्या लावू लागली. मध्ये असा मोठा दुष्काळ पडला की त्या कुळात फक्त एक भाऊ आणि एक बहीण उरली. त्या दोघांपासून कूळ पुन्हा उभं राहिलं, आणि तिसेक पक्ष्यांपर्यंत गेलं. बेटावरच्या इतर फिंचपेक्षा त्यांच्या चोचीचं माप वेगळं होतं, म्हणून त्यांना जागा मिळाली.

ग्रँट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नव्या प्रजातीचं नाव दिलं नाही. त्या कुळाला ते ‘बिग बर्ड’ म्हणत राहिले. तो संयम मला आवडतो. पण माणसाच्या डोळ्यांदेखत, तीन पिढ्यांत, संकरातूनच प्रजननाची भिंत उभी राहिली, हे नाकारता येत नाही. ज्या मिसळण्यानं भिंत पडायला हवी होती, त्यानंच ती बांधली. अमेरिकेतल्या वाळवंटी आणि खारट जमिनीतल्या सूर्यफुलांच्या तीन प्रजातीही अशाच दोन साध्या सूर्यफुलांच्या संकरातून आल्या आणि ज्या जमिनीत आई-बाप तग धरत नाहीत तिथं वाढल्या. अॅमेझॉनच्या जंगलातलं हेलिकोनियस एलेव्हाटस हे फुलपाखरू घ्या. त्याचा सुमारे ९९ टक्के जनुकसंच एका प्रजातीचा आणि जेमतेम एक टक्का दुसरीचा. पण त्या एका टक्क्यात पंखांवरची नक्षी आणि जोडीदार निवडण्याची रीत ठरवणारी जनुकं आली. त्यामुळं ते सुमारे एक लाख ऐंशी हजार वर्षांपासून वेगळं राहिलं आहे, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. मिसळलं म्हणजे पुसलं, हे गणित इथं चालत नाही.

सगळ्यात जास्त शिकवतो तो आफ्रिकेतला व्हिक्टोरिया तलाव. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी तो कोरडा पडला होता. त्यानंतर पाणी आलं आणि एवढ्या अल्प काळात, भूशास्त्राच्या हिशोबात तर पापणी लवायच्या आत, तिथं सिक्लिड माशांच्या जवळपास पाचशे प्रजाती घडल्या. कुणी शेवाळ खरवडणारे, कुणी शंख फोडणारे, कुणी दुसऱ्या माशांची पिल्लं खाणारे. इतक्या झटपट हे कसं झालं, याचं उत्तर २०१७ साली मिळालं. काँगोच्या बाजूचा एक वंश आणि वरच्या नाईलकडचा दुसरा, या दोघांचा फार पूर्वी संकर झाला होता. दोघांच्या डोळ्यांतली रंग टिपणारी जनुकं वेगवेगळी होती. संकरातून ती सगळी एकाच समूहात आली, आणि मग निरनिराळ्या खोलीवर, निरनिराळ्या उजेडात, निवड होत गेली. कुठं तांबडा नर ओळखणाऱ्या माद्या, कुठं निळा. एरवी नवं जनुक जन्माला येण्याची वाट बघत लाखो वर्षं जावी लागली असती. इथं कच्चा माल तयारच होता.

आता त्याच तलावाचा उत्तरार्ध. विसाव्या शतकात काठची जंगलं तुटली, शेती वाढली, गावांचं सांडपाणी आत आलं. पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस वाढलं, शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं. बाहेरून आणून सोडलेल्या नाईल पर्च या मोठ्या माशानं कित्येक प्रजाती फस्त केल्या, ती कहाणी सगळ्यांना माहीत आहे. पण १९९७ साली ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला जास्त भयंकर वाटते. गढूळ पाण्यात मादीला नराचा रंगच दिसेना. तांबडा कोण, निळा कोण, कळायला मार्ग नाही. मग ती जवळ येईल त्याच्याशी जोडी लावू लागली, आणि जिथं पाणी जास्त गढूळ तिथं वेगळ्या प्रजाती एकमेकींत विरघळून मळकट रंगाचा एकच मासा उरला. कुणी मेलं नाही. मासे तेवढेच राहिले, फक्त त्यांच्यातला फरक संपला. स्वित्झर्लंडच्या तलावांतल्या व्हाइटफिश माशांचंही सांडपाण्यामुळं असंच झालं.

म्हणजे एकाच तलावात, एकाच कुळात, संकरानं शेकडो प्रजाती घडवल्या आणि संकरानंच काही पुसल्या. दोन्ही वेळा जनुकं मिसळलीच. पहिल्या वेळी मिसळल्यानंतर पाणी स्वच्छ होतं, जागा मोकळ्या होत्या, निवडीला वाव होता. दुसऱ्या वेळी निवडच आंधळी झाली. ‘निसर्गात सगळंच मिसळतं’ म्हणणाऱ्यांनी या दुसऱ्या भागाकडं बघावं. पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दल आपण गेली कित्येक वर्षं बोलतोय. पण बातमी कधी होते? पाण्यावर फेस आला आणि मेलेले मासे काठाला लागले की. नदी गढूळ होण्याचं मोजमाप आपल्याकडं फक्त मेलेल्या माशांत होतं. जिवंत राहून एकसारख्या होत जाणाऱ्या माशांची बातमी कुठलाच वार्ताहर देऊ शकत नाही, कारण दिसायला तिथं काही घडलेलंच नसतं.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे, आणि तीही कोल्हापूरचीच म्हणायला हरकत नाही. रविवारी इथं घरोघरी तांबडा-पांढरा रस्सा होतो. जाणकार गिऱ्हाईक कोंबडी घेताना आधी पायाकडं बघतं: पाय पिवळे, कातडी पिवळसर, म्हणजे चांगली गावठी. हे पिवळेपण आलं कुठून? कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे डार्विननं सांगितलं होतं आणि ते बरोबरच आहे. पण त्याची कातडी पिवळी नसते. २००८ साली जनुकं तपासली तेव्हा कळलं की पिवळ्या कातडीचं जनुक आलंय राखी रानकोंबड्याकडून. तो राहतो दक्षिण भारतात आणि आपल्या सह्याद्रीत. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच. केव्हातरी, कुठल्यातरी गावाच्या कडेला, पाळीव कोंबडी आणि हा रानातला कोंबडा यांची गाठ पडली, आणि आज जगभरच्या कोट्यवधी कोंबड्या त्याची खूण पायांवर घेऊन फिरतात. ‘अस्सल गावठी’ची जी निशाणी आपण तपासून घेतो, तीच संकराची निशाणी.

माणसाबद्दल एकच वाक्य: आफ्रिकेबाहेरच्या लोकांत एक ते दोन टक्के जनुकं निअँडर्थलची आहेत, तिबेटी माणसाला उंचावर नीट जगू देणारं जनुक डेनिसोव्हन या लुप्त माणसांकडून आलं, तेव्हा शुद्ध वंशाच्या गप्पा आता बंद कराव्यात. यापुढे जाऊन काही जण लगेच शाहू महाराजांच्या १९१९ च्या आंतरजातीय विवाहाच्या कायद्यापर्यंत पोचतात आणि म्हणतात, बघा, महाराजांचं जीवशास्त्रही बरोबर होतं. मला ते पटत नाही. त्या कायद्याला जीवशास्त्राच्या दाखल्याची गरज नव्हती. माणसाला माणूस म्हणून वागवायला फिंच पक्ष्याची साक्ष लागत नाही, आणि उद्या विज्ञानानं काही उलटं सांगितलं म्हणून तो हक्क कमीही होत नाही. जात ही प्रजाती नव्हे. तिच्या भिंती जनुकांनी नव्हे, माणसांनी बांधल्या. इथं आपण रानाबद्दल बोलतोय, तेवढंच बोलू.

तर मग मिसळणं घातक केव्हा होतं? माझ्या मते स्कॉटलंडच्या रानमांजराइतकं स्पष्ट उत्तर दुसरं नाही. रोमनांच्या काळापासून ब्रिटनमध्ये पाळीव मांजरं आहेत. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षं रानमांजर आणि पाळीव मांजर शेजारी शेजारी राहिले, आणि या सगळ्या काळात त्यांचा संकर नगण्य होता. हे २०२३ साली जनुकांच्या अभ्यासातून कळलं. संकर वाढला तो १९५० नंतर. तोवर शिकारीनं आणि जंगलतोडीनं रानमांजरं इतकी विरळ झाली होती की नराला स्वजातीची मादी सापडणं अवघड झालं. जे दोन हजार वर्षं शेजाऱ्याकडं ढुंकूनही बघत नव्हतं, ते नाइलाजानं मिसळू लागलं, आणि आज अस्सल रानमांजर तिथं जवळपास उरलं नाही. पाळीव मांजर तेच होतं. बदलली होती रानमांजरांची संख्या.

आपल्याकडं पुणे जिल्ह्याच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचे संकर असल्याचं २०२३ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. पण अनुसूची प्रजातींच्या नावांची यादी आहे; अर्धा लांडगा, अर्धा कुत्रा अशा जनावराला तिच्यात बसवायचं कसं, हा पेच वनखात्याच्या अधिकाऱ्यापुढं असतो. माझ्या मते उत्तर त्या जनावरात शोधूच नये. मालकाविना फिरणारी, उकिरड्यांवर पोसलेली कुत्री माळरानावर बेसुमार झाली, आणि माळरान ‘पडीक’ म्हणून आपण विकून, नांगरून, कुंपण घालून टाकलं. लांडगे थोडे, कुत्री भरमसाट; ही स्कॉटलंडचीच कथा. इथं एका बाजूनं पूर येतो आणि दुसरी बाजू त्यात वाहून जाते.

माशांचं उदाहरण तर महाराष्ट्राला लाज आणणारं आहे, जरी त्यात हेतू चांगला होता. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीर म्हणजे आपल्या खडशी माशाची पैदास होते. ही दख्खनची प्रजाती. तिचं बीज कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीत तिथलाच, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर होता. आपला मासा तिथं भराभर वाढला आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. ज्या माशासाठी ब्रिटिश काळापासून जगभरचे शौकीन गळ घेऊन येत, त्याला शास्त्रीय नाव नक्की कुठलं द्यायचं हे ठरलं २०१८ साली, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त यादीत जायच्या बेताला आला होता. आजही तलाव, धरण दिसलं की मत्स्यबीज सोडायचा सोहळा होतो, फोटो निघतात. कृष्णेच्या खोऱ्यात सोडलेले कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगेकडचे. काही उबवणी केंद्रांत त्यांची पैदास एकाच टाकीत होते आणि बीज आधीच संकर असतं. तलावात खाण्यासाठी मासे वाढवायला माझा विरोध नाही, लोकांना मासे हवेतच. पण वाहत्या नदीत काय सोडतोय हे कुणीतरी लिहून ठेवायला नको का? बियाण्याच्या पिशवीवर वाणाचं नाव नसेल तर शेतकरी दुकानदाराला धारेवर धरतो. माशाचं बीज मात्र नुसतं ‘बीज’.

आता परत वाघिणीकडं. ताडोब्याचे वाघ आणि पश्चिम घाटाचे वाघ यांच्या जनुकांत फरक आहे. भारतातल्या वाघांचे प्रादेशिक गट जनुकीय अभ्यासांत स्पष्ट दिसतात. त्यामुळं पहिल्या सुराचा आक्षेप हवेतला नाही. पण तो फरक आला कशातून? त्यातला बराच अलीकडचा आहे, वाटा तुटल्यामुळं साठलेला. पालीच्या बाबतीत तुटलेपण हे लाखो वर्षांचं काम आहे. वाघाच्या बाबतीत मुख्यतः आपण गेल्या काही पिढ्यांत केलेली मोडतोड. आणि मिसळल्यानं काय होतं याचा पुरावा हाताशी आहे. फ्लोरिडात प्यूमा या मोठ्या मांजराचे वीस-तीसच प्राणी उरले होते. शेपट्या वाकलेल्या, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली न उतरलेले. १९९५ साली टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडल्या. तेव्हाही ‘फ्लोरिडाचा अस्सल प्यूमा संपणार’ म्हणून ओरड झालीच होती. संख्या काही पटींनी वाढली, दोष कमी झाले, आणि तो प्राणी अजूनही फ्लोरिडाच्या दलदलीत फ्लोरिडाच्या प्यूमासारखाच जगतो. म्हणून चांदोलीत ताडोब्याची वाघीण आणली हे बरोबर केलं, असं मी ठामपणे म्हणेन.

पण पिंजऱ्यातून आणलेली वाघीण म्हणजे वाट नव्हे. २०२२ साली राधानगरीत कॅमेऱ्यात टिपलेला एक नर डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत दिसला. कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापासून तिलारी, आंबोली, राधानगरी, आंबा अशी जी सलग डोंगररांग आहे, तिच्यातून वाघ आजही स्वतःच्या पायांनी येतो. कुणी भूल दिली नाही, कुणी ट्रकमध्ये घातलं नाही. हीच खरी जनुकांची ये-जा. एकेक प्राणी, पिढ्यान्‌पिढ्या, आणि जो टिकेल तो टिकेल अशी निवड होत. ट्रकनं आणलेल्या दोन-चार वाघिणी म्हणजे सलाइन. लागेल तेव्हा लावावं, पण त्यावर आयुष्य काढायचं नसतं.

त्या डोंगररांगेला आज दोन्हीकडून करवत लागली आहे. एकीकडं बॉक्साइटच्या खाणी, दुसरीकडं रुंद होत जाणारे घाट. आणि आता शक्तिपीठ महामार्ग. पवनार ते पत्रादेवी, मूळ आखणीत सुमारे आठशे किलोमीटर. कोल्हापुरात त्याविरुद्ध मोर्चे निघाले ते बागायती जमीन जाते म्हणून, आणि ते रास्तच आहे. ज्याच्या विहिरीवर खुणेचा दगड बसतो त्याला वाघाचा विचार सुचणार नाही. पण आखणी इकडची तिकडं झाली तरी गोव्याच्या हद्दीवर पोचायला सह्याद्री ओलांडावाच लागणार. तो कुठं ओलांडायचा, याची चर्चा एकरात आणि मोबदल्यात अडकून राहिली तर उसाची जमीन वाचेल आणि महामार्ग जंगलाकडं सरकेल, कारण जंगलाच्या नावावर सातबारा नाही.

हे टाळता येण्याजोगं आहे. महाराष्ट्रातच पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता खांबांवर उचलला आणि वाघांसकट बरेच प्राणी त्याखालून जाताना कॅमेऱ्यात दिसले. म्हणजे तंत्र माहीत आहे, खर्चाचा अंदाज आहे, ठेकेदारही आहेत. सह्याद्री ओलांडणाऱ्या प्रत्येक नव्या किंवा रुंदीकरणाच्या रस्त्याच्या प्रकल्प अहवालात काळी ते चांदोली या वाटेचा नकाशा आधी जोडलेला असावा आणि तिला जिथं छेद जातो तिथं रस्ता उचलण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरलेला असावा. नंतर ‘शमन उपाय’ म्हणून दोन मोऱ्या काढून हिशोब मिटवू नये. राधानगरीच्या कडेच्या गावांत कुत्र्यांचं लसीकरण आणि निर्बीजीकरण नियमित व्हावं, कारण कोळसून, म्हणजे रानकुत्रा, जरी कुत्र्यात मिसळत नसला तरी कुत्र्याचा रोग त्याच्यात मिसळतो. नदीत मत्स्यबीज सोडायचं तर कुठल्या प्रजातीचं, कुठल्या केंद्रातलं, याची नोंद ग्रामपंचायतीत लागावी.

चांदोलीत उद्या बछडे झाले तर ते ताडोब्याचे की सह्याद्रीचे, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. त्यांतले नर दोनेक वर्षांचे झाले की स्वतःची हद्द शोधत निघतील, आणि दक्षिणेकडं वळले तर आंबा घाट, फोंडा घाट, आंबोली असे एकामागून एक रस्ते त्यांना आडवे येतील. त्या रस्त्यांची कामं काढताना या बछड्यांच्या वाटेचा विचार व्हायला हवा.